दारावरची विक्री आणि दारावरची दुरुस्ती

वस्तू घरात येण्याच्या दोन वाटा आहेत : गिऱ्हाईक दुकानापर्यंत जाते, किंवा विक्रेता माल घेऊन गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यापर्यंत येतो. या दुसऱ्या वाटेला व्यापाराच्या परिभाषेत थेट विक्री म्हणतात, आणि विसाव्या शतकात जी घरगुती यंत्रे या वाटेने जगभर पोहोचली त्यांत शिलाई यंत्राच्या पाठोपाठ व्हॅक्यूम क्लीनरचे, म्हणजे हवेच्या झोताने धूळ शोषून घेणाऱ्या यंत्राचे नाव घ्यावे लागते. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत १९८० नंतर हे यंत्र आणि त्याचा विक्रेता दोन्ही ओळखीचे झाले, परंतु बीडसारख्या जिल्ह्यात ते तुरळकच दिसले. त्याचे कारण गरिबी एवढेच सांगून विषय संपवणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही; कारण याच जिल्ह्यात शिलाई यंत्र, विहिरीवरची मोटर आणि स्वयंपाकघरातला मिक्सर ही त्या मानाने किमती यंत्रे आली आणि टिकली. कोणते यंत्र घरात रुजते आणि कोणते माळ्यावर जाते, हे विक्रेत्याच्या वक्तृत्वापेक्षा दुरुस्ती करणारा किती जवळ आहे यावर अधिक ठरते, हा या प्रकरणाचा मुख्य मुद्दा आहे. आणि तो समजण्यासाठी लंडन, ओहायो आणि मुंबई यांच्याबरोबरच बीडच्या गल्लीत येणारा पिंजारी आणि कल्हईवाला यांच्याकडेही पाहावे लागते.

यंत्र आधी सेवा म्हणून आले

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढतो असे म्हणण्याची पद्धत असली, तरी खरे काम बाहेरची हवा करते. मोटरीच्या आसावर बसवलेला पंखा पेटीतील हवा वेगाने बाहेर फेकतो, त्यामुळे पेटीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि ही तूट भरून काढण्यासाठी बाहेरची हवा नळीच्या तोंडातून आत धावते. धावताना ती वाटेतली धूळ, केस आणि कचरा आपल्याबरोबर नेते. पुढे ही हवा कापडी किंवा कागदी पिशवीतून गाळली जाते, कचरा पिशवीत राहतो आणि गाळलेली हवा, जुन्या घडणीच्या बहुतेक यंत्रांत, मोटरीवरून जाऊन तिला थंड करत मागच्या जाळीतून बाहेर पडते. म्हणजे पिशवी ही केवळ कचऱ्याची टोपली नसून मोटरीच्या प्रकृतीशी थेट जोडलेला भाग आहे, ही गोष्ट पुढे दुरुस्तीच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांपैकी प्रमुख म्हणजे इंग्रज अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ. त्याच्या काळात धूळ फुंकून उडवणारी यंत्रे दाखवली जात होती. फुंकण्याऐवजी शोषता येईल का, हे पाहण्यासाठी त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल धरून तोंडाने हवा ओढली आणि रुमालावर उमटलेला काळा डाग त्याला पुरेसा पुरावा वाटला. १९०१ मध्ये त्याने बनवलेले यंत्र इतके मोठे होते की ते घोडागाडीवर बसवून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत न्यावे लागे. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडून गालिचे स्वच्छ केले जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेतील गालिचे याच यंत्राने साफ करण्यात आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : बूथ यंत्र विकत नव्हता, सफाई विकत होता. यंत्र, ते चालवणारा आणि बिघाड निस्तरणारा हे तिघेही एकत्रच दारात येत आणि काम संपले की एकत्रच परत जात, त्यामुळे दुरुस्तीची चिंता गिऱ्हाइकाच्या वाट्याला येतच नसे.

ही चिंता गिऱ्हाइकाकडे आली ती यंत्र लहान झाल्यावर. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लरला दम्याचा त्रास होता, आणि झाडताना उडणाऱ्या धुळीतून सुटका करून घेण्यासाठी त्याने विजेच्या पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हाताने ढकलता येणारे यंत्र तयार केले, ज्याचे एकस्व, म्हणजे शोधावरचा कायदेशीर हक्क, त्याला १९०८ मध्ये मिळाले. ते हक्क चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हेन्री हूवरने घेतले. मोटारगाड्या वाढत असल्याने घोड्यांच्या साजाचा धंदा उतरणीला लागणार हे त्याला दिसत होते. हूवरने त्याच वर्षी मासिकात जाहिरात देऊन दहा दिवस घरी विनामूल्य वापरून पाहण्याची सवलत देऊ केली. तिकडे स्वीडनमध्ये ॲक्सेल वेनर-ग्रेनच्या पुढाकाराने १९१९ मध्ये उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ मध्ये जमिनीवर घसरत्या पट्ट्यांवर ओढत नेता येईल असे आडवे नळकांडी यंत्र बाजारात आणले, आणि ते विकण्यासाठी दारोदार फिरणाऱ्या माणसांची फळी उभी केली.

प्रात्यक्षिकावाचून न विकणारी वस्तू

हे यंत्र दुकानाच्या काचेमागे ठेवून विकले जाणे अवघड का होते, हे त्याच्या स्वभावातच दडलेले आहे. पातेले, सायकल किंवा घड्याळ यांचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनर मात्र ज्या शत्रूवर चाल करतो तो शत्रू, म्हणजे गादीच्या आत आणि गालिच्याच्या मुळाशी बसलेली धूळ, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विक्रेत्याला आधी गरज दाखवावी लागते आणि मग वस्तू. सकाळीच झटकून घातलेल्या गादीवर तो यंत्राचे तोंड फिरवतो, नळीच्या वाटेत लावलेले पांढरे कापड काढून घरातल्यांपुढे धरतो आणि त्यावर जमलेल्या राखाडी थराकडे बोट दाखवतो. कोणाच्याही घराला अस्वच्छ न म्हणता जे सांगायचे ते त्या कापडाने सांगितलेले असते. हे प्रात्यक्षिक गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गादीवर झाले तरच पटते, आणि गादी दुकानात नेता येत नाही, म्हणून यंत्रालाच घरी यावे लागते.

भारतात या पद्धतीने व्हॅक्यूम क्लीनर नेण्याचे मोठे श्रेय युरेका फोर्ब्ज या कंपनीकडे जाते. इलेक्ट्रोलक्स आणि त्या वेळी टाटा समूहात असलेली फोर्ब्ज यांच्या भागीदारीतून १९८२ मध्ये ती सुरू झाली. ‘युरेका’ हे नाव इलेक्ट्रोलक्सच्या ताब्यातील अमेरिकी व्हॅक्यूम क्लीनरवरून आले, तर ‘फोर्ब्ज’ हे नाव १७६७ पासून मुंबईत व्यापार करणाऱ्या, आणि आरंभीच्या काळात कापसाच्या उलाढालीत असलेल्या जुन्या पेढीचे. ‘युरोक्लीन’ हा व्हॅक्यूम क्लीनर आणि त्यामागोमाग पाणी शुद्ध करणारे ‘ॲक्वागार्ड’ ही दोन यंत्रे घेऊन गळ्यात टाय आणि हातात बॅग असा विक्रेता शहरी मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अनेक तरुणांची पहिली नोकरी ही अशीच पायपीट होती : जिने चढणे, दाराची घंटा वाजवणे, बहुतेक ठिकाणी नकार पचवणे आणि एखाद्या दारात मिळालेल्या दहा मिनिटांत यंत्र जोडून दाखवणे. या दोन यंत्रांत एक महत्त्वाचा फरक होता. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची गाळणी ठरावीक काळाने बदलावीच लागते, म्हणून त्याचा सेवक वर्षातून काही वेळा घरी येतोच. व्हॅक्यूम क्लीनर विकणारा मात्र विक्रीनंतर गिऱ्हाइकाने बोलावले तरच पुन्हा भेटतो.

दारावरच्या विक्रीची आर्थिक बाजू याहून जुनी आहे. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५६ च्या सुमारास शिलाई यंत्र हप्त्याने देण्याची पद्धत सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते यंत्र भारतातही आले. १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी शिलाई यंत्र बनवायला घेतले. हप्त्याचा अर्थ केवळ पैसे विभागून देणे असा नव्हता. हप्ता गोळा करायला येणाऱ्या माणसापुढे गिऱ्हाईक यंत्राची तक्रार मांडू शके, आणि यंत्र बंद पडले तर हप्ताही बंद पडेल हे त्याला कळत असल्याने टाके का सुटतात, पट्टा का घसरतो, बॉबीनचा दोरा का गुंततो हे पाहणे त्याच्याही हिताचे असे. विक्री आणि दुरुस्ती यांची सांगड अशा रीतीने उधारीनेच घातलेली होती. आज हप्ता वित्तसंस्थेच्या खात्यात जातो, यंत्र कंपनीचे असते आणि दुरुस्ती तिसऱ्याच कोणाकडे असते. या तिघांपैकी एकालाही उरलेल्या दोघांची फिकीर असेलच असे नाही.

बीडच्या घराची धूळ निराळी

बीड जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर, उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेकडे मांजरा अशा दोन नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार असून तिच्यातील जवळजवळ चार-पंचमांश लोक खेड्यांत राहतात. व्हॅक्यूम क्लीनर ज्या घरासाठी घडवला गेला ते घर लाकडी जमिनीचे, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेले आणि थंडीमुळे दारे-खिडक्या लावून घेतलेले होते. मराठवाड्यातील जुने घर याच्या नेमके उलट असते. त्याचे छप्पर म्हणजे माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या किंवा कामट्या टाकून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले सपाट छत. ते उन्हाळ्यात घर गार ठेवते, पण त्याच्या सांदीतून मातीचा भुगा अधूनमधून खाली गळतच राहतो. जमीन शेणामातीने सारवलेली असते, आणि सारवण हा स्वतःच धूळ बसवण्याचा उपाय आहे. अशा जमिनीवर शोषक यंत्र फिरवले तर केर जाईल आणि केराबरोबर पोपडेही निघतील.

घरासाठी शिंदीच्या पानांची केरसुणी आणि अंगणासाठी, खळ्यासाठी तुराट्यांचा खराटा ही या भागातील झाडलोटीची साधने आहेत. तुराट्या म्हणजे तूर झोडपून झाल्यावर उरणाऱ्या काड्या, त्यामुळे खराटा शेतातच मिळतो आणि झिजल्यावर चुलीत जातो; केरसुणी विकत घ्यावी लागते, आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहण्याची रीत असल्याने तिची वर्षाची खरेदी सणाशीच बांधलेली असते. फरशी आली तेव्हाही शहाबादी दगडाची फरशी ओल्या फडक्याने पुसणेच सोपे होते. काळ्या मातीची धूळ यंत्रालाही जड जाते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण व्याख्येनेच दोन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षा बारीक असतात. कंपनीची पिशवी फाटल्यावर शिंप्याकडून मांजरपाटाची पिशवी शिवून घेतली, तर तिच्या विणीतून हे बारीक कण सहज पार होतात, आणि पुढून शोषलेली धूळ मागच्या जाळीतून खोलीत परत येते.

विजेची अडचण वेगळीच होती. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र याच जिल्ह्यात, १९७१ पासून वीज तयार करणारे. तरीही २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने जे लांबलचक भारनियमन सोसले त्यातून बीड सुटला नाही, आणि २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले. घरातला इन्व्हर्टर दिवे आणि पंखे ओढतो, व्हॅक्यूम क्लीनरचा भार तो सहसा पेलत नाही. शिवाय जिल्ह्यातील फार मोठा वर्ग दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, ज्यांचे वर्ष चालते आणि ज्यांच्या दाराला पाच-सहा महिने कुलूप असते, त्यांच्याकडून दरमहा हप्ता घेण्याचा हिशेब कोणत्याही विक्रेत्याला जुळणारा नव्हता.

पिंजारी, कल्हईवाला आणि टाकी

तरीही बीडच्या दाराला फिरत्या सेवेची सवय नव्हती असे मात्र नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता ज्या गादीतील धुळीवर आपले प्रात्यक्षिक उभारत असे, त्या गादीचा बंदोबस्त या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात पिंजारी पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता. खांद्यावर पिंजण, म्हणजे ताणलेल्या तातीची लांब धनुकली, घेऊन तो गल्लीतून जाई. तात म्हणजे जनावराच्या आतड्यापासून बनवलेली दोरी, तिचा टणत्कार हीच त्याची आरोळी असे. अंगणात किंवा ओसरीवर गादी उसवली जाई, वापरून गोळे झालेली सरकी-कचऱ्याची रुई बाहेर काढली जाई, आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याने तातीवर आघात केला की तिच्या थरथरीने रुईचे तंतू सुटे होऊन फुलत, धूळ जड असल्याने खाली झडे आणि हलका कापूस वर उडे. संध्याकाळपर्यंत तीच रुई, तेच कापड आणि नवी टाचणी घेऊन गादी पुन्हा शिवून तयार होई. शोषक यंत्र गादीच्या वरच्या थरातील धूळ काढते, पिंजारी गादीच खोलतो. तांत्रिक दृष्टीने पाहता पहिली सफाई आहे आणि दुसरी संपूर्ण दुरुस्ती. बूथच्या घोडागाडीप्रमाणे येथेही साधन, कारागीर आणि जबाबदारी एकाच वेळी दारात येत होती.

कल्हईवाल्याचे कामही याच जातीचे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच किंवा आमसूल ठेवले की आम्लामुळे धातू विरघळतो, पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याला मळमळते. हे टाळण्यासाठी आतून कथलाचा पातळ लेप द्यावा लागतो, यालाच कल्हई म्हणतात. कल्हईवाला मोकळ्या जागी खड्डा करून कोळसे पेटवी, भात्याने विस्तव फुलवी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराच्या लोटात कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने लेप सर्वत्र ओढी. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड; तापल्यावर त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराईड वायू धातूवरचा गंज खाऊन टाकतो आणि स्वच्छ पृष्ठभागाला कथील घट्ट धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने यासाठी मोठी भट्टी लागत नाही, आणि म्हणूनच हा कारखाना पाठीवर घेऊन गावोगाव फिरता येत होता. लेप वापराने झिजतो, त्यामुळे कल्हईवाल्याला परत यावेच लागे; स्टेनलेस स्टीलची भांडी आली तेव्हा झिजणारा थरच उरला नाही आणि परत येण्याचे कारणही संपले. जात्याला आणि पाट्याला टाकी लावणाऱ्या, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीने पुन्हा खाचा पाडणाऱ्या बायांची आरोळीही पिठाच्या गिरणीने आणि मिक्सरने अशीच मंदावली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही त्याच रस्त्यावरची विक्रेती होती, आणि आजच्या ‘जुने द्या, नवे घ्या’ योजनेचा व्यवहार तिच्या घासाघिशीहून फारसा निराळा नाही.

गावातल्या गावात हीच व्यवस्था बलुतेदारीच्या रूपाने नांदत होती. सुतार आणि लोहार शेतकऱ्याची नांगर, कुळव, तिफण ही अवजारे वर्षभर दुरुस्त करत आणि मोबदला दर कामाला न घेता सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने घेत. आजची कंपनी ज्याला वार्षिक देखभाल करार म्हणते त्याचे हे धान्यातले रूप होते : बिघाड एकदा होवो की दहादा, कारागिराला यावे लागे. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचा अनुभव असलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या रचनेचे बारकाईने वर्णन केले आहे. परंतु तिचे गोडवे गाता येणार नाहीत, कारण कोणी कोणते काम करावे हे जन्माने ठरत होते, केरसुण्या आणि दोरखंड वळणाऱ्या मातंगांसारख्या जातींच्या वाट्याला कष्ट येऊनही मान येत नव्हता, आणि मागून घ्यावे लागणारे बलुते हे अपमानाचेही दुसरे नाव होते, हे दया पवार यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’ या आत्मकथनाच्या शीर्षकातच सामावलेले आहे. जातीचे बंधन तुटणे योग्यच होते. त्याबरोबर परत येऊन दुरुस्त करण्याची हमीही तुटली, आणि तिची जागा भरेल असे काही दारावरच्या नव्या विक्रीने दिले नाही.

मोटर उघडल्यावर

जुना व्हॅक्यूम क्लीनर उघडला तर आत जी मोटर सापडते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, कारण ती एकदिश आणि उलटसुलट वाहणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या विजेवर चालते. तिच्या फिरणाऱ्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे गोल कडे असते ते कम्युटेटर, आणि त्या कड्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगच्या दाबाने टेकणारे कोळशाचे चौकोनी तुकडे म्हणजे कार्बन ब्रश. वीज या तुकड्यांतून फिरत्या भागात जाते, त्यामुळे ते घासून झिजणे अटळ असते. ते फार आखूड झाले की कड्याभोवती निळसर ठिणग्यांचे वलय दिसते, जळका वास येतो आणि मोटर धक्के देत चालते. नवे ब्रश घालणे आणि बारीक पॉलिश पेपरने कड्यावरची काजळी काढणे एवढ्यानेच अनेक मेलेली यंत्रे पुन्हा चालू होतात.

जाणता कारागीर यंत्र उघडण्याआधी ऐकतो. नळीत बोळा अडकला किंवा पिशवी तुडुंब भरली की यंत्राचा आवाज खाली न येता वर चढतो, बारीक आणि चिरका होतो. सामान्य माणसाला वाटते की मोटरीवर जोर पडतो आहे; वस्तुस्थिती उलट असते. पंख्याला फेकायला हवाच मिळेनाशी झाल्याने त्याचे ओझे कमी होते आणि ओझे हलके झालेली युनिव्हर्सल मोटर अधिक वेगाने पळू लागते, पण थंड करणारा हवेचा झोत थांबल्याने ती आतून तापत जाते आणि अखेर तिच्या तारांवरचा लेप जळतो. त्यामुळे आवाज चढला की यंत्र बंद करून पिशवी झटकणे ही वापरणाऱ्याने शिकण्याजोगी पहिली आणि फुकटची दुरुस्ती आहे.

ही माहिती बीडच्या बाजारपेठेत परकी नाही, कारण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये हीच मोटर असते. सत्यप्रकाश आणि माधुरी माथूर या मुंबईच्या दांपत्याने १९६० च्या दशकात भारतीय वाटणाला पुरून उरेल असा ‘सुमीत’ मिक्सर विकसित केला, आणि त्यानंतर आलेल्या अनेक मिक्सरांनी कार्बन ब्रश बदलणारा, बुश आणि कपलर बसवणारा कारागीर तालुक्याच्या गावी पोहोचवला. त्याच्या जोडीला मोटर रिवाइंडिंगची, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरण्याची दुकाने आहेत. विहिरीवरच्या पंपाची मोटर इंडक्शन जातीची असते. विजेचा दाब कमी झाला तरी पाणी उपसण्याचे ओझे तेवढेच राहिल्याने ती जास्त प्रवाह खेचते आणि जळते, म्हणून कमी दाबाच्या विजेने शेतकऱ्याचे नुकसान केले खरे, पण त्याच नुकसानीतून मोटर उघडण्याची आणि भरण्याची विद्या गावोगाव पसरली. व्हॅक्यूम क्लीनरचे आर्मेचर या हातांना अनोळखी नव्हते. अनोळखी होत्या त्या वरवर किरकोळ वाटणाऱ्या वस्तू : त्या त्या नमुन्याची पिशवी, नळीचा सांधा, तोंडाचा ब्रश. अधिकृत सेवाकेंद्र सव्वाशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला किंवा त्याहून दूर पुण्याला असेल, तर सांध्याच्या एका तुकड्यासाठी एसटीच्या तिकिटावर आणि बुडालेल्या मजुरीवर त्या तुकड्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो, आणि मग ठणठणीत मोटर असलेले यंत्र पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले जाते.

कायदा आणि उंबरठा

ग्राहकाची बाजू मांडणारी चळवळ महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन करून उभी केली, आणि देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे स्वतंत्र नियम लागू झाले. त्यांनुसार थेट विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांवर उत्पादकानेच कब्जा ठेवू नये, ही त्यामागची भूमिका आहे. फसवणूक झाल्यास बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

कायदा फसवणुकीवर उपाय देतो, गैरसोयीवर नाही. गैरसोयीवरचा उपाय खरेदीच्या क्षणी गिऱ्हाइकाच्याच हातात असतो. दारावर यंत्र घेऊन आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे, पक्के बिल घ्यावे, आणि किमतीची घासाघीस सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : याची पिशवी किंवा गाळणी बीडच्या बाजारात कोणत्या दुकानात मिळते, याचे कार्बन ब्रश गावातल्या कारागिराला बदलता येतात का, आणि बिघडल्यावर कोण, किती दिवसांत, कोठून येणार. या तीन प्रश्नांची उत्तरे पत्त्यासह मिळत नसतील, तर यंत्र कितीही उत्तम असले तरी ते विकत घेऊ नये.